अरिमा किनेनच्या यादीवर वळसंगची हरकत

अर्जदार: सिद्रामप्पा, मूळ राहणार वळसंग, हल्ली मुक्काम शुक्रवार पेठ, सोलापूर, वय सत्तरीच्या पुढे, धंदा नालबंद, म्हणजे जनावरांच्या खुरांना नाल ठोकणे, सध्या बंद. जाब देणार: जपान देशातील घोड्यांच्या शर्यती भरवणारे कार्यालय. घटनेचा काळ: गेला डिसेंबर. साक्षीदार: एक, तहसील कचेरीसमोरचे चहावाले शकीलभाई, दोन, प्रस्तुत अर्जलेखक, ज्याचे शिक्षण सातवीपर्यंत झाले असले तरी ज्याच्या हातचा अर्ज मजकुरातील उणिवेसाठी आजवर परत आलेला नाही.

हकीकत अशी की, सिद्रामप्पा जपानच्या शर्यती पाहतात, परंतु निम्म्याच. मुलाने पुण्याहून पाठवलेला मोबाइल ते आडवा धरतात आणि वरच्या अर्ध्या भागावर पोस्टकार्ड ठेवतात. घोड्यांची तोंडे, स्वारांचे रंगीत सदरे, प्रेक्षकांची गर्दी, सर्व कार्डामागे जाते. खाली फक्त पाय पळतात.

"कोण जिंकलं, सिद्रामप्पा?" असे विचारले की उत्तर ठरलेले: "ते वरच्यांना ठावं. आपलं काम खाली."

जुगाराचा संशय कोणीही घेऊ नये. हा मनुष्य पैजेच्या नावाने चहासुद्धा लावत नाही. तथापि शर्यतींचे वेळापत्रक त्याला तोंडपाठ आहे. एप्रिलात सात्सुकी शो, मे संपता संपता डर्बी, ऑक्टोबरात किक्का शो. या तिन्ही फक्त तीन वर्षांच्या घोड्यांच्या, म्हणजे जन्मात एकदाच. मग सम्राटाच्या नावाची तेन्नो शो, नोव्हेंबरात जपान कप आणि वर्षअखेर अरिमा किनेन. आपल्याकडे रविवारी दुपारचे बारा वाजून गेले की तिकडे घोडे सुटतात.

पाच-सहा वर्षांपूर्वी पुतण्याच्या लग्नाचा मुहूर्त नेमका डर्बीच्या रविवारी, बारा वाजून दहा मिनिटांचा निघाला. सिद्रामप्पा मांडवात उभे, एका हातात अक्षता, दुसऱ्या हातात मोबाइल. शेवटचे मंगलाष्टक चालू असताना ते ओरडले, "अरं, पुढचा उजवा जपून टाक की!" नवरदेवाने दचकून पाटावरचा पाय मागे घेतला. भावजय त्यांच्याशी अद्याप बोलत नाही.

तो उजवा पाय ज्याचा, तो एक तांबूस घोडा. त्याचे जपानी नाव मला उच्चारता येत नाही. सिद्रामप्पा त्याला तांबडा म्हणतात. ती त्याची स्वतःची डर्बी; त्याच वर्षी किक्का शोमध्ये तो दुसरा आल्याचे कळले तेव्हा त्यांनी शकीलभाईंच्या टपरीवर साऱ्यांना पेढे वाटले होते. आता तांबडा आठ वर्षांचा झाला, मागे पडू लागला, तरीही पळत होता.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी सिद्रामप्पा कचेरीबाहेरच्या माझ्या टेबलाशी आले.

"रायटरसायेब, अर्ज लिवा. जपानला."

शकीलभाई टपरीतून म्हणाले, "क्या चाचा, जपान कू भी सातबारा उतारा होना क्या?"

"तू चाय उकळ रं," सिद्रामप्पा म्हणाले आणि मोबाइल माझ्यापुढे सरकवला. अरिमा किनेनमधले बरेचसे घोडे लोकांच्या मतांवर निवडले जातात. मतमोजणी चालू असताना मधली यादी जाहीर होते. यादीत तांबडा वर होता. जुन्या घोड्यावर लोकांचा जीव असतो.

"मग आनंद आहे. तुम्हालाही मत द्यायचंय?"

"इल्ला! मत द्यायचं न्हाय. त्याचं नाव काढायचं हाय. पुढचा उजवा खूर दुखतोय त्याचा. टेकताना चोरतोय. त्याला पळवू नगा म्हणावं."

आता, अंतिम नव्हे अशी यादी प्रसिद्ध झाली म्हणजे ती प्रारूप यादी, आणि प्रारूप यादीवर कोणासही हरकत घेता येते, हे मी पंचवीस वर्षे मतदारयाद्यांच्या कामात पाहिले आहे. जपानचा नियम वेगळा असेल असे मानण्यास कारण नव्हते. मी कागद घेतला.

"तिथं डॉक्टर असतील, सिद्रामप्पा. त्यांना दिसणार नाही का?"

"दिसंल. लई हुशार मानसं हायती ती. पर मला दिसलंय, तर मी सांगाय नको?"

अर्जात एक कलम टाळता येत नाही: अर्जदाराचा प्रकरणाशी संबंध काय. मी विचारले.

"एक घोडी हुती," सिद्रामप्पा म्हणाले. "स्टेशनावरच्या टांग्याची. मालक घाईत, लग्नाची सवारी खोळंबलेली. खूर हातात धरला तवाच मला कळलं, हिला आज जुंपू नये. मालक म्हनला, चालंल का? मी म्हनलं, चालंल. नाल ठोकला. उतारावर पडली ती. उठलीच न्हाय."

शकीलभाई चहा आणून ठेवून टपरीत परत गेले.

"मालक कवाच इसरला," सिद्रामप्पा म्हणाले. "इचारलं हुतं त्यानं. सरळ इचारलं हुतं की."

संबंधाच्या रकान्यात मी लिहिले: 'अर्जदार हा जाणकार असून त्याने पूर्वी एकदा योग्य वेळी सांगितले नाही.'

अर्ज मराठीतच केला; जपानसारख्या देशाकडे दुभाषी असणारच. तरी सिद्रामप्पांनी पेन मागून घेतले आणि सहीच्या खाली एक खूर काढला. सही त्यांना धड येत नाही, पण तो खूर असा उतरला की मी पाहत राहिलो. बाहेरच्या कडेपासून दोन बोटे आत त्यांनी फुली मारली. "भाषा न्हाय कळली तरी पाय कळंल," ते म्हणाले.

टपाल रजिस्टर केले. पुढे अंतिम सोळा घोड्यांची नावे आली, त्यात तांबडा नव्हता.

मी टपरीवर जाहीर केले, "हरकत मंजूर!" शकीलभाईंनी टाळी दिली. सिद्रामप्पा मात्र मोबाइलवर वरखाली काही शोधत राहिले.

"नाव निघालं, ब्येस झालं," ते म्हणाले. "पर त्यो हाय कसा? अर्जानं निघालं, का पाय गेला म्हनून निघालं?"

अरिमा किनेनच्या रविवारी ते आले, मोबाइल उघडला, पण पोस्टकार्ड ठेवले नाही. सगळ्या घोड्यांची तोंडे एकेक करून पाहिली, त्यांत तांबडा खरेच नाही ना, आणि शर्यत सुटण्याआधीच बंद केला. त्यानंतर रोज टपालाच्या वेळेस ते माझ्या टेबलाशी येऊन बसतात.

सबब विनंती की, आमचा डिसेंबरचा अर्ज आपल्यास पोहोचला किंवा कसे, आणि त्यावरून नाव वगळले किंवा कसे, याचा खुलासा न केल्यासही आमची तक्रार राहणार नाही. श्रेय आम्हांस नको. मात्र सदर घोडा आज कोठे आहे आणि पुढचा उजवा पाय टेकून उभा राहतो काय, एवढे एका ओळीत, कोणत्याही भाषेत, अर्जदारास कळवावे. अर्जदाराचे वय विचारात घेऊन उत्तर लवकर मिळावे, ही विनंती.