फर्गस टेटची आडवी दुर्बीण

रविवारी दुपारी मेंढीचं मटण ओव्हनमधून बाहेर आलं, पण ते ठेवायला टेबलावर जागा नव्हती. टेबलावर नवी कोरी रायफल होती. तिच्याशेजारी दुर्बीण, ती रायफलीवर बसवायच्या चार कड्या, बारा स्क्रू, पाणसळ, तीन पुस्तिका आणि त्या तिन्ही एकदम वाचणारा फर्गस टेट.

"हे कधी उचलणार?" नोलीनने भांडं हातातच धरून विचारलं.

"हे उचलायचं नाही. समतल आहे," फर्गस म्हणाला.

नोलीनने त्या दिवशी स्वयंपाकघराच्या ओट्यावर उभ्याने जेवण केलं आणि नवऱ्याला एका शब्दानेही टोकलं नाही. त्याला कारण होतं. फर्गस एकोणीस वर्षं तिच्या भावाबरोबर, म्हणजे डेसबरोबर, दर हिवाळ्याच्या तोंडाला डोंगरात जात होता. डेस, त्याचा मित्र हेमी आणि आणखी एकजण ताहरच्या, मानेवर सिंहासारखी आयाळ मिरवणाऱ्या डोंगरबोकडांच्या, शिकारीला जात आणि फर्गस त्यांचा स्वयंपाक करी. तो फेअरलीतला औषधवाला. चमच्याचं माप कधी चुकत नसे, त्यामुळे त्याचा रस्सा खरोखरच चांगला व्हायचा. तीच त्याची पंचाईत झाली होती. यंदा मात्र तिसऱ्या शिकाऱ्याचा गुडघा कामातून गेला आणि डेस म्हणाला, "फर्गस, तू बंदूक घेऊन चल. पण ती सशांवरची काठी नको. तिथे या कड्यावरून त्या कड्यावर मारायचं असतं. पाचशे मीटर. लांब पल्ल्याची घे."

फर्गस त्या दिवशी दुकानात शीळ घालत आला. 'कुठली घेऊ?' हे विचारलं, तेवढं मात्र त्याचं चुकलं.

"सात मिलिमीटर गोळीची," डेस म्हणाला. "दुसरं काही घेतलंस तर मला दाखवू नकोस."

"साडेसहा," कुंपणं घालण्याची कंत्राटं घेणारा हेमी म्हणाला. "सातने तुझा खांदा निखळेल, लेका. आणि गोळी जड घे. डेसचं ऐकू नकोस, शाळेपासून त्याचं कुणीच ऐकत नाही."

मग खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्यांनीही मतं दिली. एकाने नळी लांब हवी म्हणून सांगितलं, दुसऱ्याने आखूड. वायूच्या गोळ्या नेणाऱ्या एका मेंढपाळाने श्वास कसा सोडायचा ते काउंटरला टेकून करून दाखवलं. फर्गसने सगळं वहीत टिपून घेतलं, आणि त्या आठवड्यात प्रिंगलबाईंच्या बाटलीवर चिठ्ठी गेली ती अशी: 'अर्धा श्वास सोडावा, थांबावं, मग हळूच.' बाईंनी तसंच औषध घेतलं. पुढच्या खेपेला त्या म्हणाल्या, या वेळी चांगला गुण आला.

तीन आठवडे असे गेल्यावर फर्गसला रायफलींची स्वप्नं पडायला लागली, आणि स्वप्नातही त्याला निवड करता येईना. शेवटी त्याने औषधवाल्याचा मार्ग धरला: दोन्हीतलं थोडं थोडं. रायफल हेमीची, दुर्बीण डेसची. दोघांनाही सांगितलं, "तुझंच ऐकलं."

बंदुकांच्या दुकानातली यव्होन त्याला म्हणाली होती, "दुर्बीण मी बसवून देते. दहा मिनिटांचं काम आहे."

पण डेसने बजावलं होतं, "दुर्बीण दुकानात बसवून घेतो तो शिकारी नव्हे. आपल्या हाताने बसवायची."

म्हणून टेबल अडलं होतं. दुर्बिणीला दोन खुंट्या होत्या, एक उंच आणि एक बुटकी. एक वर येणार, एक बाजूला, एवढं फर्गसला चित्रावरून कळलं. पण चित्र दुसऱ्याच दुर्बिणीचं होतं. उंच खुंटी वर ठेवून पाहिली तर रायफलीच्या पेटीचं झाकण लागेना. तीच डावीकडे वळवली तर झाकण टकदिशी बसलं. डेसच्या दुर्बिणीलाही डावीकडे एक खुंटी होती हे त्याला पक्कं आठवत होतं. शंका फिटली. कड्या आवळल्या आणि डोळा लावला.

आतल्या नेम धरायच्या फुलीवरचे आकडे आडवे पडलेले दिसले. फर्गस जरा विचारात पडला. मग त्याच्या ध्यानात आलं की लांबचा नेम जमिनीवर आडवं पडून धरायचा असतो. माणूस आडवा, तर आकडेही आडवे. बनवणाऱ्यांनी किती विचार केला आहे, असं त्याला वाटलं, आणि त्याने टेबल मोकळं केलं.

पुढच्या शनिवारी तिघं गावाबाहेरच्या घळीत नेम जुळवायला गेले. शंभर मीटरवरच्या फळीला नेमाचा कागद लावला. डेस आपल्या मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून बसला. हेमी त्याच्या पलीकडे दुसरी दुर्बीण लावून बसला, कारण डेसने पाहिलेलं त्याला खरं वाटत नसे. फर्गस आडवा झाला, अर्धा श्वास सोडला आणि चाप ओढला.

"वीतभर खाली," डेस म्हणाला. "वर घे."

उंच खुंटीवर 'वर' असं लिहिलं होतं. फर्गसने ती टकटक फिरवली आणि गोळी झाडली.

"वर म्हटलं मी. डावीकडे कशाला गेलास?"

"मी वरच घेतलं."

"मग अजून वर घे."

फर्गसने अजून वर घेतलं. गोळी अजून डावीकडे गेली. डेसने कागदावरून डोळा न काढता जाहीर केलं की वारा आहे. हेमीने गवताची काडी उडवली, ती सरळ त्याच्या बुटावर पडली. "वारा नाही. गोळी हलकी आहे. मी जड सांगितली होती."

"जड गोळी काय डावीकडे जात नाही?"

"उजव्या विचारांची असते ती."

"तू उजवीकडे घे रे, फर्गस," डेस वैतागून म्हणाला.

फर्गसने बुटकी खुंटी 'उजवी' लिहिलेल्या बाजूला फिरवली. गोळी वर गेली.

"आत्ता वर घेतलंस? आत्ता?"

"मी उजवीकडे घेतलं," फर्गस म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

काउंटरमागच्या चाळीस वर्षांत कुणी साखरेच्या जागी मीठ दिलं असतं तरी त्याने चव न घेता ओळखलं असतं. इथे वर म्हणजे डावं आणि उजवं म्हणजे वर. त्याने मनात घड्याळ उभं केलं, घड्याळही फिरायला लागलं. अकरावी गोळी कागदाला लागलीच नाही. चौदाव्या गोळीने शेजारच्या फळीचा पाय मोडला आणि ती फळी शांतपणे पालथी पडली.

दोघा जाणकारांनी मग त्याची कसून तपासणी केली. हेमीने त्याचा खांदा दाबून पाहिला. डेसने त्याला एक डोळा झाकून बोटं मोजायला लावली. दस्ता, गोळ्या, चाप, बूट, सगळ्यांवर वाद झाला, आणि दुर्बिणीबद्दल हेमी काही बोलणार तोच डेस म्हणाला, "दुर्बीण मी निवडलीय," म्हणून तो विषय तिथेच मिटला.

निघताना डेसने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नकोस. यंदा परत रस्साच कर. तुझ्यासारखा रस्सा कुणाला येत नाही."

घरी येऊन फर्गस जेवायला बसला. नोलीनने पुडिंग वाढलं, तेव्हा तो म्हणाला, "एकोणीस वर्षं मी त्यांच्या मागे पातेलं वाहिलंय." ती भावाला फोन करायला उठली, त्याने तिला बसवलं.

सोमवारी तो पेटी घेऊन यव्होनकडे गेला. म्हणाला, "ही परत घे. हिच्यात काहीतरी बिघाड आहे. किंवा माझ्यात."

यव्होनने पेटी उघडली. रायफल खांद्याला लावली, डोळा लावला आणि डोकं हळूहळू कलतं करत पार खांद्यावर नेलं. मग तिने रायफल काउंटरवर ठेवली.

"फर्गस, घरी भिंतीवर कॅलेंडर आहे ना?"

"आहे."

"ते वाचायला आडवा होतोस का?"

फर्गसने दुर्बिणीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, परत दुर्बिणीकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले.

"डेस आणि हेमी होते तुझ्याबरोबर?" यव्होनने कड्या सैल करत विचारलं.

"दिवसभर."

"आणि ते काय बघत होते?"

"कागद."

दहा मिनिटांत तिने उंच खुंटी वर आणून दिली. झाकण बसेना, म्हणून मोठी पेटीही दिली. कुणाला सांगणार नाही असं तिने वचन दिलं आणि ते पाळलंही.

पुढच्या शनिवारी फर्गसच्या तीन गोळ्या बाटलीच्या झाकणाएवढ्या जागेत लागल्या. "सांगितलं होतं ना, वारा होता," डेस म्हणाला. "जड गोळ्या आणल्यास वाटतं," हेमी म्हणाला. "हो," फर्गस म्हणाला, आणि ते दोघांनाही पुरलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे तिकडच्या हिवाळ्याच्या तोंडाला, तिघं डोंगरातल्या झोपडीत पोचले आणि त्यांच्या मागोमाग ढग पोचला. तो चार दिवस हलला नाही. पाचशे मीटर सोडाच, पन्नास पावलांवरचा संडास सापडेना. परत येताना माणसं शीळ घालत, म्हणजे झोपडीतून उत्तर मिळावं. या चार दिवसांत डेस आणि हेमीने ढगाच्या कारणांवर वाद घातला आणि फर्गसने रस्सा केला.

पाचव्या दिवशी सकाळी ते दोघं ओढ्यावर पाणी आणायला गेले. फर्गस पायरीवर बसून रायफल पुसत होता. पुसून झाली, गोळ्या भरल्या, आणि ढग हातभर वर सरकला. लाकडांच्या ढिगाशेजारी ताहर उभा होता. खरा, मोठा, आयाळीवर दव घेतलेला. तो बटाट्याची सालं खात होता.

फर्गसने रायफल खांद्याला लावली आणि दुर्बिणीत पाहिलं. आत केस होते. इकडून तिकडे नुसते केस, एकेक दोरीएवढा. त्याने रायफल डावीकडे नेली, केस. उजवीकडे नेली, तिथेही केसच, फक्त दाट. हे पुढचं टोक की मागचं, काही कळेना. चित्र लहान करायची कडी कुठे होती ते आठवेना. सापडली, फिरवली, तर दोरीचे दोरखंड झाले. उलट फिरवली. तोवर सालं संपली होती. केस सावकाश डावीकडे सरकले, दुर्बिणीत पांढरा ढग आला, आणि फर्गसने डोळा काढला तेव्हा तिथे लाकडांचा ढीग तेवढा उरला होता.

ओढ्यावरून दोघं आले तेव्हा तो तसाच बसला होता. त्याने सगळं सांगितलं.

"किती लांब होता?" डेसने विचारलं.

"अकरा पावलं. मी नंतर मोजली."

फर्गस जमिनीकडे बघत होता. आता पुढची एकोणीस वर्षं काय ऐकावं लागणार, याचा त्याला अंदाज होता.

हेमीने बादली खाली ठेवली. "मी पहिल्या वर्षी," तो घसा खाकरून म्हणाला, "काळा मोठा नर नेमात धरला. चाप ओढला, तर नुसतं टक. गोळ्या गाडीत. तो माझ्याकडे बघत उभा राहिला, गड्या. बराच वेळ. मी हे कुणाला सांगितलं नाही."

आता दोघांनी डेसकडे पाहिलं. डेस बुटाच्या नाड्यांशी खेळत बसला होता.

"एक दगड होता," तो शेवटी म्हणाला. "सहा गोळ्या घातल्या त्याला. मला वाटलं, ताहर झोपलाय."

फर्गसने सवयीने चाकू आणि बटाट्याची पिशवी पुढे ओढली. डेसने ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवली.

"बस तू," तो म्हणाला. "सोलतो मी. आणि परत पहिल्यापासून सांग, केस कसे होते?"