गोठणरोधक

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावरच्या डीप फ्रीजरचा प्लग काढण्यात आला. कारवाई शांततेत पार पडली.

संस्था माणसांवर चालते असा एक भाबडा समज आहे. संस्था शब्दांवर चालते; माणसं फक्त ते शब्द या टेबलावरून त्या टेबलावर नेऊन ठेवतात. त्या मंगळवारी एका शब्दाने आपलं काम चोख बजावलं आणि त्याच्या तडाख्यात शिंपलेबाईची तीन वर्षं सापडली.

शिंपलेबाई हे संस्थेतल्या या संशोधिकेचं पाठीमागचं नाव; समोर सगळे मॅडम म्हणत. तीन वर्षांत तिने बासष्ट किलो शिंपल्यांचं मांस वाटलं, पाचकरसात विरघळवलं, अल्कोहोल ओतून त्यातली साखर खाली बसवली आणि मग गाळत राहिली. शेवटी अंगठ्याएवढ्या तीन बाटल्या हाती आल्या. (उरलेले शिंपले वासाच्या रूपाने अजून इमारतीतच आहेत.)

बाटलीतली साखर चहात घालायची नव्हे. ती एक लांब माळ होती आणि मण्यामण्याला गंधकाचे काटे होते. तिचा एक थेंब रक्तद्रवात पडला की तो गोठायचं विसरून जाई. साधा रक्तद्रव पस्तीस सेकंदांत गोठला. थेंब टाकलेला तीनशे सेकंदांनंतरही वाहत होता, तेव्हा वेळ मोजणाऱ्या यंत्रानेच नाद सोडला. (संस्थेत एखादी गोष्ट न अडता चालू राहिल्याची ही पहिली नोंद.)

आता काटे नेमके कुठल्या मण्यावर आहेत एवढंच पाहायचं उरलं होतं. ते दाखवणारं चुंबकी यंत्र दुसऱ्या गावी होतं. दीड वर्ष वाट पाहिल्यावर तिला तिथली पुढच्या महिन्याची चोवीस तारीख मिळाली होती. तोवर बाटल्या उणे वीस अंशांवर राहायला हव्या होत्या. बाहेर राहिल्या तर जंतूंनी माळेचा फडशा पाडला असता. जंतूंना संशोधनाबद्दल आदर असतो, पण साखर ती साखर.

घोळ चिठ्ठीने केला. पूर्वी बाटलीवर इंग्रजी नाव होतं. मग भाषा विभागाचं परिपत्रक आलं, की प्रत्येक वस्तूवर मराठी नाव हवं. बाईने ‘रक्तगोठणरोधक’ असं लिहून दिलं. चिठ्ठी चार सेंटिमीटरची, शब्द साडेपाचचा. टंकलेखकाने ‘रक्त’ कापलं. उरलेल्या शब्दाबद्दल बाईला प्रशस्तिपत्रही मिळालं.

साहित्य तपासनीस हा कामाला वाघ माणूस होता. मागच्या वर्षी त्याने चारशे अकरा वस्तूंची तपासणी केली आणि त्यांपैकी चारशे अकरा वस्तू अनावश्यक ठरवल्या. त्याने बाटली उजेडात धरली.

“गोठणरोधक. म्हणजे हे गोठत नाही?”

“गोठू देत नाही.”

“मग फ्रीजरमध्ये काय करतंय?”

“अहो, ते रक्ताचं गोठणं. हे बर्फाचं गोठणं. हे स्वतः गोठतं की.”

“मॅडम, नाव एक आणि गुण दुसरा, असं माणसाचं चालतं. वस्तूचं नाही.”

त्याने शेरा लिहिला: ‘न गोठणारी वस्तू गोठवण्याचा गेली तीन वर्षं निष्फळ प्रयत्न. विजेचा अपव्यय.’ तर्कात कुठेही चूक नव्हती. अकरा वाजून दहा मिनिटांनी प्लग निघाला, साडेअकराला फ्रीजर कॅन्टीनला देण्यात आला आणि बाईच्या हातात थर्मास आला, त्यात बर्फ आणि बर्फात बाटल्या.

ती थर्मास छातीशी धरून फ्रीजरच्या मागोमाग कॅन्टीनपर्यंत गेली. कॅन्टीनच्या मावशींनी आधी फ्रीजरकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं.

“माहेरून आल्यासारखी काय उभी राहिलीस? ठेव मटारखाली.”

“मावशी, कोणी विचारलं तर?”

“सांगेन, इसेन्स आहे. इथं कोण चव ओळखतंय?”

अशा रीतीने बाटल्या त्याच फ्रीजरमध्ये, त्याच तापमानावर परतल्या. (विजेचा अपव्यय मात्र थांबला, कारण मटाराच्या नावात रोधक नाही.)

पण मटार संपतात, आणि तपासनीस कॅन्टीनमध्येही येतो. तेव्हा बाईने मुळावरच घाव घालायचं ठरवलं. मराठीत रक्तासाठी वेगळा शब्द आहे: साकळणे. पाणी गोठतं, रक्त साकळतं. तिने अर्ज केला, की चिठ्ठीवर ‘साकळणरोधक’ लिहू द्यावं.

भाषा अधिकाऱ्यांनी अर्ज दोनदा वाचला.

“शब्द चांगला आहे हो. आमची आजी म्हणायची. पण मंजूर यादीत नाही.”

“मग यादीत घ्या.”

“घेऊ की. पण गोठणरोधकला आपण प्रशस्तिपत्र दिलंय. त्याच्याविरुद्ध कोणाची तरी हरकत यायला हवी. शब्द असा उगाच काढता येत नाही, त्यालाही नोकरी असते.”

“माझी हरकत आहे ना.”

“तुम्ही हितसंबंधी. संस्थेचे कर्मचारी चालणार नाहीत, त्यांचे नातेवाईकही नाहीत.”

मावशींनी आपलं नाव पुढे केलं. त्या कंत्राटी, म्हणजे कर्मचारी नव्हेत, हे संस्था दर वर्षी लेखी मान्य करते. तरीही अर्ज परत आला. हरकतीपुरत्या त्या कर्मचारी ठरल्या.

त्यानंतर सूचना प्रसिद्ध झाली. ‘गोठणरोधक’ कायम ठेवण्यास बाहेरच्या कोणाची हरकत असल्यास ती बावीस तारखेपर्यंत लेखी कळवावी. एक हरकत पुरेशी आहे. न आल्यास शब्द कायम होईल आणि तो शब्द लावलेल्या बाटल्या, जिथे असतील तिथून, तेवीस तारखेला सकाळी, म्हणजे चुंबकी यंत्राच्या तारखेच्या आदल्या दिवशी, बाहेर काढल्या जातील. हरकतदाराला प्रकरणाची संपूर्ण माहिती असावी, एवढीच अट. माहिती असून जो गप्प राहील त्याची संमती गृहीत धरण्यात येईल.

शेवटचं वृत्त हाती आलं तेव्हा मटाराची दीड पिशवी शिल्लक होती. हरकती शून्य होत्या. संमती मोजण्याचं काम चालू आहे. तिच्यात आत्ताच, हे वाक्य वाचून होताहोता, एकाची भर पडली आहे.