पाचवं वाक्य

"बाबा, टीका म्हणजे काय?" पाचवीतल्या लेकीनं विचारलं, तेव्हा शिंप्याच्या हातात कात्री होती आणि कात्रीखाली तिच्याच वर्गशिक्षिका बाईंच्या कोटाचं राखाडी कापड.

"टीका म्हणजे एखाद्याच्या कामातले गुणदोष दाखवणं. दोष जरा जास्त."

"वाक्यात उपयोग करायचाय. पाच वाक्यं."

"लिही. आई बाबांच्या शिवणकामावर टीका करते."

भाजी निवडणाऱ्या बायकोचे हात थांबले. "मी? कधी?"

"परवा. शेजाऱ्यांच्या सदऱ्याची कॉलर बघून म्हणालीस, मानेला फास लावलाय जणू."

"ती टीका नव्हती, खरं होतं ते!"

"दुसरं लिही," शिंपी लेकीला म्हणाला. "आईला टीका केलेली चालते, ऐकलेली चालत नाही."

"मग तिसरं माझं!" बायको म्हणाली. "बाबांवर टीका केली, की ते महिनाभर पुरवून पुरवून रुसतात."

मुक्कामाला आलेल्या सासूबाईंनी चष्मा वर केला. "अगं, जावईबापूंना का बोलतेस? सोन्यासारखा माणूस. आता घोरतात, पण त्याला कोण काय करणार? रात्रपाळीत मशीन चालू ठेवल्यासारखं वाटतं, एवढंच."

"चौथं झालं," लेक म्हणाली.

सासूबाईंना उलट बोलायची सोय नव्हती. शिंप्याचा सगळा राग कात्रीत उतरला. त्यानं कर्रकन बाही कापली आणि खाली पाहिलं, तर खडूची रेघ एकीकडे आणि कात्री भलतीकडेच. बाही चार बोटं आखूड! कापड शिल्लक नव्हतं आणि बाईंना कोट उद्या संध्याकाळी हवा होता.

"मेलो!" तो मटकन खाली बसला.

भांडण जागच्या जागी विरलं. बायकोनं पेटी उपसून गडद निळं कापड काढलं. "दुसरी बाहीही तेवढीच कापा. दोन्हींना रुंद पट्टी लावा. मुद्दाम केल्यासारखी दिसेल."

शिंप्यानं चांगली बाहीही कापली. सासूबाई काजं करायला बसल्या. लेक वहीत मान घालून लिहीत राहिली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कोट चढवला आणि आरशासमोर मनगट वळवून वळवून पट्टी पाहिली. शिंप्यानं गळ्यातली टेप उगाचच गुंडाळली. तेवढ्यात बायको पुढे सरसावली.

"हल्ली अशीच फॅशन आहे हं, बाई. यांच्या हाताला तोड नाही. बारा वर्षांत एक शिवण चुकली नाही यांची!"

शिंपी तिच्याकडे बघतच राहिला. लग्नाला बारा वर्षं झाली, पण हे तो पहिल्यांदाच ऐकत होता. आता बाईंनी कोट तोंडावर फेकला असता, तरी त्याची हरकत नव्हती.

"मला आवडली पट्टी," बाई म्हणाल्या. "बाही आखूड झाली नसती, तर सुचली नसती, नाही का?"

बायकोला एकदम भाजीची आठवण झाली. ती आत गेली.

"तुम्हाला... कसं कळलं?"

बाईंनी पिशवीतून वही काढून त्याच्यापुढे धरली. पाचवं वाक्य टपोऱ्या अक्षरात होतं : 'बाबांनी बाईंच्या कोटाची बाही आखूड कापली आहे, आता बाई टीका करतील.'

"अर्धाच गुण कापलाय," बाई कोटाची बटणं लावत म्हणाल्या. "व्याकरण बिनचूक आहे. अंदाज चुकला."