भुतांच्या पलटणीचे सुभेदार

आमच्या वरच्या मजल्यावरचे जगतापकाका वेताळाला रजा मंजूर करतात. रीतसर, अर्ज घेऊन. मागच्या महिन्यात वेताळाने पंधरा दिवस मागितले होते, काकांनी दहा दिले. "लढाई चालू आहे, यार. सगळेच गावी गेले तर दिल्ली कोण सांभाळणार?"

काका फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, फरीदाबादला फ्लॅट घेतला आणि चित्रकथा काढायला बसले. नऊ भाग झालेत. त्यात जग बुडालंय, सूर्य विझलाय, यमुनेतून राख वाहते. आभाळातून उतरलेले सहा पायांचे राक्षस माणसं खातात आणि उरलेल्या मूठभर माणसांचं रक्षण आपल्या मराठी भुतांची एक पलटण करते. चित्रं अशी की जेवताना ती उघडायची नाहीत, असा आमच्या घरात नियम आहे.

भुतं असली तरी शिस्त फौजेची. कस्तुरबा गांधी मार्गावर पहारा देणारी हडळ घट्ट अंबाडा घालते. मी म्हटलं, "काका, हडळीचे केस मोकळे असतात."

"असतील. माझ्या पलटणीत टर्नआउट पाहिजे, एक केस इकडचा तिकडे नाही."

मुंजाला बसायला पिंपळ उरला नाही, म्हणून तो मेट्रोच्या खांबावर बसतो. बसण्याआधी खांब झाडून घेतो.

या सगळ्याचं हिंदी मी करते. सरकारी खात्यात अनुवादक म्हणून जन्मभर परिपत्रकं केली. या भुतांनी मला माणसात आणलं.

मग नॉएडातल्या एका प्रकाशनाने बोलावलं. काका ब्लेझर घालून, मेडलं लावून निघाले. तिथल्या संपादक बाईंनी नऊच्या नऊ भाग वाचले होते. "कमाल है, सर," त्या म्हणाल्या. "बस एक बात. इतनी डार्क कहानी, और अपनी तरफ का कोई मरता ही नहीं. आखिर में मुंजा को मार दीजिए, हम पूरी सीरीज छापेंगे."

त्र्याहत्तराव्या वर्षी पहिलं पुस्तक समोर आलं होतं. काकांनी शांतपणे फायलीची नाडी बांधली. "सॉरी मॅडम. वो नहीं होगा."

परतताना मेट्रोत मी चिडलेच. "काका, मुंजा म्हणजे मुळात मेलेलाच मुलगा ना? अजून एकदा मेला तर काय बिघडलं?"

काकांनी ब्लेझरवरची मेडलं काढून खिशात ठेवली. मग म्हणाले, "मी पलटणीत हेड क्लार्क होतो. कुणी गेलं की घरी पत्र जायचं. सही साहेबांची, मजकूर माझा. मुंजाचा चेहरा आहे ना, तो एका रेकॉर्डमधल्या फोटोचा आहे. एकवीस वर्षांचा पोरगा, लग्न व्हायचं होतं. त्याच्या आईला मी एकदा कळवलंय."

फाईल त्यांनी मांडीवर सरळ केली. "पुन्हा नाही कळवणार."

मला माझ्या चिडण्याची लाज वाटली. आणि या माणसाची शेजारीण असल्याचा अभिमान इतका वाटला, की शेजारच्या अनोळखी बाईला सांगावंसं वाटलं, बघा, हे आमचे जगतापकाका.

दहाव्या भागाचं हिंदी मी काल पूर्ण केलं. छापणारं अजून कुणी मिळालेलं नाही. भुतं मात्र सगळी जिवंत आहेत.