मगदूम तात्यांचे त्रेपन्नराव

मगदूम तात्या भेटल्यावर नमस्कार करत नाहीत, 'आ करा' म्हणतात. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टॉर्च असते. आमच्या गल्लीत नवा जावई आला, तर चहाआधी त्याला तात्यांना जबडा दाखवावा लागतो. "आ करा पावणं. जीभ वर. व्हय, आता डावा गाल. हिरवा!"

तात्या डॉक्टर नाहीत. शिरोलीच्या एका फौंड्रीत तीस वर्षं त्यांनी कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले लोखंडी नग, तपासले. चांगल्या नगाला हिरवा ठिपका, भेग दिसली की लाल. आपल्या हातच्या नगाला मात्र आपण ठिपका द्यायचा नाही, तो दुसऱ्यानं द्यायचा, हा तिथला नियम. निवृत्तीनंतर त्यांच्या फौंड्रीतल्या एका जोडीदाराचा, तंबाखूचा मावा खाऊन खाऊन, अर्धा जबडा काढावा लागला. तात्यांनी डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले, की त्यांनी सुटकेसाठी पेशीतल्या एका प्रथिनाचं अख्खं शास्त्र सांगून टाकलं. प्रथिनाचं नाव पी-५३. तात्यांनी त्याला लगेच नोकरीवर घेतलं.

"त्रेपन्नराव म्हंजे पेशीतलं इन्स्पेक्टर," ते कट्ट्यावर सांगतात. "नवा नग बिघडला की लाईन थांबवायची. दुरुस्त झाला तर ठीक, न्हाईतर भंगारात. आता तुम्ही गालात तंबाखू धरताय. ती काय करती? इन्स्पेक्टर ज्या साच्यातनं निघतोय, त्यो साचाच बिघडवती! मग तपासणार कोण? बिघडल्याला माल निघतोय की धडाधड. त्योच क्यान्सर."

"पण तात्या, प्रथिन टॉर्चनं कसं दिसेल?" मी एकदा विचारलं. चार पुस्तकं वाचलेल्या माणसाला अशी खोड असते.

"इन्स्पेक्टर दिसत न्हाई, मास्तर. त्यानं सोडल्याला माल दिसतोय. पांढरा चट्टा, लाल चट्टा, न भरणारी जखम."

मी आ केला.

गेल्या महिन्यात एका सकाळी तात्या दारात उभे. मी सवयीनं तोंड उघडलं.

"तुमचं न्हवं," ते म्हणाले. "घरला चला."

काकू, म्हणजे तात्यांच्या पत्नी, स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या. त्या रोज दातांना मिश्री लावतात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. भाजलेल्या तंबाखूची ती पूड गडहिंग्लजच्या बाजारातून तात्याच आणायचे. आज डबी ओट्यावर उपडी पडली होती, रिकामी.

तात्यांनी टॉर्च माझ्या हातात दिली. "घरचा माल आपण पास करायचा न्हाई, मास्तर. नियम हाय. तुम्ही बघा."

आणि गल्लीभरचे जबडे तपासणारा हा माणूस खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

काकूंनी आ केला. खालच्या ओठाच्या आत, हिरडीला लागून, तुरीच्या डाळीएवढा पांढरा चट्टा होता.

"लाल का हिरवा?" तात्यांनी न वळताच विचारलं.

"प्रत्येक चट्टा काही तोच नसतो, तात्या. डॉक्टर सांगतील. आत्ताच जाऊ."

तात्या रिक्षा आणायला धावले, अनवाणीच.

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "नियम बियम काय न्हाई, मास्तर," त्या हळूच म्हणाल्या. "पंधरा दिस झालं. रोज सकाळी मला आ कर म्हणत्यात. मी आ करती, हे टॉर्च लावत्यात, आणि सोताच डोळं मिटून घेत्यात."