मेनी दरवाजा आणि मच दरवाजा यांची हकीकत

श्री गणरायास नमन, जो गणांचा पती, म्हणोन मोजल्या जाणाऱ्यांचा धनी. आणि शारदेस नमन, जिचे माप आजवर कोणी घेतले नाही. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सरी, वैशाख मासी, अमुक एका राज्यात जे घडले ते ऐकिले तैसे लिहिले आहे. अधिक उणे असेल ते वाचणारांनी पदरात घ्यावे.

ते राज्य एका डोंगरी किल्ल्यावर होते, आणि महाराजांचे पदरी जिवाजीपंत दुभाषे म्हणोन गृहस्थ होते. टोपीकरांची भाषा त्यांस येत होती आणि दुसऱ्या कोणास येत नव्हती, म्हणोन दरबारी मान मोठा. एके दिवशी टोपीकरांचा वकील भेटीस आला, आणि महाराजांनी हौसेने त्याचेच भाषेत पुसिले, "हाऊ मच सोल्जर?" तेव्हा वकील तोंडास रुमाल लावोन हसला. महाराजांस ते फार झोंबले. मग वकील गेल्यावर पंतांस बोलाविले आणि पुसिले, "आमचे चुकले काय?"

पंत म्हणाले, "महाराज, शिपाई मोजता येतो, त्यास मेनी लागते. पाणी, तूप, मीठ, पीठ ही मोजता येत नाहीत, त्यांस मच लागते. थोडके म्हणावयाचे तर शिपायांस फ्यू आणि पाण्यास लिटल. टोपीकर या दोन जाती कधी एका पंगतीस बसवीत नाहीत."

"मग आमचे राज्यातही बसणार नाहीत," महाराज म्हणाले. "पुन्हा कोणी आम्हांस हसता कामा नये."

मग पंतांनी तोड काढिली की, तोंडाने शिकविलेले माणूस विसरते, हातास लागलेली सवय जात नाही, सबब सरकारी कोठीस दोन दरवाजे करावे. मेनी दरवाजाने भाले, नारळ, भांडी, वस्त्रे न्यावी. मच दरवाजाने पीठ, मीठ, तेल न्यावे. आणि एकाचे दुसऱ्यातून नेईल त्याची चाकरी जावी. तेव्हा म्हातारे दिवाण म्हणाले, "पंत, दोहींस चालेल असा शब्द त्यांचेकडे नाही काय?"

"आहे. सम म्हणतात. परंतु तो आळशांचा शब्द. तिसरे दार केले तर सारे त्यातूनच जातील आणि शिकणार कोणी नाही."

दरबार हसला, आणि महाराजांनी पंतांस शेला दिला. तो शेला पंतांनी घरी नेऊन कुटुंबास दाखविला. कुटुंबाचे नाव लाडूबाई. त्या वाढता वाढता म्हणाल्या, "अहो, भात मेनी की मच?"

"मच."

"आणि शिते?"

"शिते मेनी."

"म्हणजे तुमचे टोपीकर एकच घास दोनदा जेवतात म्हणायचे!" तेव्हा पंतांस ठसका लागेतो हसू आले, आणि लाडूबाईंनी पाठीवर हात फिरविला.

मग त्या साली उन्हाळा कडक पडला, आणि किल्ल्यावरील सारी टाकी आटली. कोठीतील एक टाके तेवढे राहिले, त्यावर पहारा बसला, आणि पाणी चोरील त्याचा कडेलोट होईल अशी दवंडी फिरली. पाणी ते मचाचे, म्हणोन मच दरवाजाशी येऊन लोकांनी ओंजळीने प्यावे असे ठरले. घागर नेता येईना, की घागर मेनीची. बायका घरचे पीठ परातीत आणीत, परात बाहेर ठेवीत, आणि ओंजळीओंजळीने पीठ भिजवून नेत; नुसते पाणी बाहेर भांड्यात साठविले तर मात्र ती चोरी ठरे. लोक कुरकुरले, परंतु पायावर उभे होते त्यांचे निभावले. लाडूबाई उभ्या नव्हत्या. त्यांस ताप भरला होता, आणि वैद्यांनी सांगितले की, बाईस जागची हलवू नका, अंग वारंवार पुसा आणि घोट घोट पाणी पाजा, मग बाई उठेल. न पाजाल तर माझे औषध फुकट आहे.

पंत घागर घेऊन मच दरवाजाशी गेले. तेथे सटवोजी हवालदार होता. तो म्हणाला, "पंत, पाणी हवे तेवढे घ्या. घागर आत येणार नाही."

मग मेनी दरवाजाशी गेले. तेथील कमळाजी म्हणाला, "घागरी दहा न्या. पाणी मी कसे देऊ? माझ्या पोराबाळांचे तोंड पाहा."

पंत पुन्हा सटवोजीकडे आले आणि उपरणे टाक्यात बुडवून निघाले. सटवोजीने वाट अडविली. "उपरणे वस्त्रात मोडते, पंत. पिळून जा." आणि उपरणे पिळताना त्याचेही डोळे भरले. "मला का लाजविता? सम म्हणोन तिसरे दार होणार होते, ते आपणच होऊ दिले नाही ना?"

पंत पुन्हा टाक्याशी वाकले. ओंजळ भरली आणि घराकडे चालले. वाट चढाची, पायऱ्या उंच, आणि पंतांची बोटे म्हातारी. घरी पोहोचले तो तळवे ओले होते इतकेच. तेच लाडूबाईंचे ओठांस लाविले, आणि पुन्हा गेले, आणि पुन्हा तेच. मग महाराजांचे पाय धरिले. महाराज कष्टी जाहले आणि म्हणाले, "पंत, हुकूम फिरवू. परंतु टोपीकरांचा वकील उद्या येतो आहे, तो जाऊ द्या. तो हसतो हे तुम्हांस ठाऊक आहे."

पंत घरी येऊन उशाशी बसले. लाडूबाईंनी डोळे उघडिले. "मिळाले का हो?"

"येते आहे."

"थोडे?"

"थोडे."

"तुमच्या भाषेत काय म्हणतात त्याला?"

पंतांस तो शब्द ठाऊक होता. तो त्यांचे तोंडातून निघेना. लाडूबाईंनी वाट पाहिली, आणि पहाटेस त्यांचा काळ जाहला.

मग उपाध्ये आले. त्यांनी कोठीशी जाऊन सांगितले, "प्रेतास पाण्याचा घट पाहिजे." धर्मकृत्यास टोपीकरांची भाषा लागू नव्हती, सबब सटवोजी आणि कमळाजी दोघेही बाजूस सरले, आणि मातीचा घट काठोकाठ भरोन आला. तो पंतांचे खांद्यावर दिला. पंत चितेभोवती फिरू लागले, उपाध्यांनी दगडाने घटास भोक पाडिले, आणि पाण्याची धार पंतांचे पाठीमागे मातीत पडत चालली. वरती किल्ल्यावर वकिलाचे स्वागताची तोफ जाहली. फेरे संपले तरी पंत उभेच. उपाध्ये म्हणाले, "पंत, आता घट मागे टाकावा."

"अजून आहे यात," पंत म्हणाले.

"टाकावा लागतो, पंत."

पंतांनी टाकिला नाही. शेवटी खांदेकऱ्यांपैकी दोघांनी हात धरोन सोडविला तेव्हा तो पडोन फुटला.

इतकी हकीकत. महाराजांनी त्या खेपेस वकिलाशी बोलताना एकही चूक केली नाही, आणि वकील हसला नाही, लवून मुजरा केला. मग दरवाजे एक जाहले, आणि आषाढात टाकी भरली. राज्य राहिले, किल्ला राहिला, टोपीकरांची भाषाही राहिली. जिवाजीपंतांस राहावे लागले. लाडूबाई राहिल्या नाहीत.