बाबांचं घोरणं

आमच्या बाबांइतकं शिस्तीत घोरणारा माणूस शोधून सापडणार नाही! हे मी मुलगी म्हणून नाही, झोपेची डॉक्टर म्हणून सांगते. म्हणजे, होऊ घातलेली डॉक्टर. आमचं प्रशिक्षण केंद्र इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर. दोन खाटा आणि झोप तपासायचं एक यंत्र. माणसाच्या डोक्याला तारा चिकटवल्या, की तो झोपलाय की जागा आहे हे स्क्रीनवरच्या रेषा सांगतात.

त्या दिवशी केंद्राची मान्यता ठेवायची की काढायची हे ठरवायला तपासनीस बाई आल्या होत्या. त्यांच्यासमोर भरदुपारी मी एका रुग्णाच्या डुलकीची चाचणी घ्यायची होती. आणि नेमका रुग्णच आला नाही! केंद्र चालवणाऱ्या आमच्या सरांचा चेहरा उतरला. माझा त्याहून जास्त. मान्यता गेली तर मला शिकायला दुसऱ्या शहरात जावं लागणार, आणि गेल्या वर्षी आई गेल्यापासून बाबांना माझ्याशिवाय कुणी नाही.

"सर, काळजीच सोडा!" मी छातीठोकपणे म्हणाले. "माझे बाबा आहेत ना. रोज रात्री मी त्यांच्या दारात उभी राहून ऐकते. पाठ टेकली की घोरायला लागतात!"

फोन केला, तसे बाबा इस्त्रीचा सदरा घालून हजर.

"तुझं काम अडलंय ना? मग झोपतो की," म्हणाले.

मी तारा चिकटवल्या. दिवा घालवला मात्र, आणि जिन्यावरून कुणी लोखंडी कपाट ओढत न्यावं तसं घोरणं सुरू झालं!

सर खुलले. तपासनीस बाई मात्र स्क्रीनकडे बघत होत्या.

"डॉक्टर, हे गृहस्थ जागे आहेत."

"छे हो! ऐका की!"

"ऐकू येतंय. पण रेषा जाग्या माणसाच्या आहेत."

"तार सैल असेल!" मी तार बदलली. बाबा घोरतच होते, रेषा जाग्याच होत्या. सरांनी यंत्राला दोन चापट्या मारल्या. काही फरक नाही. शेवटी सर म्हणाले, "खाट बदला!" बाबा डोळे मिटूनच उठले, या खाटेवरून त्या खाटेवर गेले, आणि जाताना घोरणं काही थांबवलं नाही!

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"बाबा," मी जवळ जाऊन म्हणाले, "झोप येत नाहीये का?"

घोरणं थांबलं. "आज नाही आली गं."

"आणि घरी?"

बाबा छताकडे बघत म्हणाले, "तुझी आई म्हणायची, दिवा घालवा आता. मग यायची झोप. आता कुणी म्हणतच नाही. पण तू दारात ताटकळत राहतेस. मी घोरलो की जातेस झोपायला. म्हणून घोरतो."

"रोज?"

"सकाळी इस्पितळात जायचं असतं ना तुला."

मला रडू आवरेना. झोपेचं सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही म्हणतात. मला तर ते ओळखताही आलं नव्हतं. वर्षभर ते घोरणं ऐकून मी निर्धास्त परत फिरत होते, आणि दिवसा लोकांना झोपेचे सल्ले देत होते.

तपासनीस बाईंनी बराच वेळ चष्मा पुसला. जाताना म्हणाल्या, "यंत्र उत्तम आहे. डॉक्टरला मात्र अजून पुष्कळ शिकायचंय. तेव्हा केंद्र चालू ठेवावंच लागेल."

घरी आमचं ठरलं, यापुढे सोंग नाही. रात्री मी दारातून म्हणाले, "बाबा, दिवा घालवा आता." त्यांनी लगेच घालवला. घोरणं काही ऐकू आलं नाही, कूस बदलताना होणारी खाटेची कुरकुर तेवढी येत राहिली. आईचं वाक्य माझ्या तोंडून लागू पडलं नव्हतं. फार वाईट वाटलं. पण निदान आमच्यात आता खोटं काही नव्हतं. मी आडवी झाले, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा गाढ झोपले.

सकाळी बाबा माझ्या दारात खुर्ची टाकून बसलेले. डोळे लालभडक.

"सोंग नाही घ्यायचं असं ठरलं होतं ना?"

"मी कुठे घेतलं?"

"मग रात्रभर घोरत कोण होतं? मला फसवतेस होय? म्हटलं, खरंच झोपलीस की मग जाऊ झोपायला."

किती शपथा घेतल्या, पण पटतच नाही! आता म्हणते, सरांना विचारून यंत्रच घरी आणावं. या वेळी तारा माझ्या डोक्याला.